ढिगाच्या शुभ्रतेबाबत

जे जे उगवते ते एक दिवस कुजते, आणि जे जे कुजते त्यावर कुणाचे तरी नियंत्रण असावे लागते. नाहीतर ते आपले आपण कुजेल आणि श्रेय कुणाला द्यायचे हा प्रश्न उभा राहील. याच उदात्त काळजीतून आमच्या वनस्पती-अवशेष विघटन नियंत्रण केंद्राची स्थापना झाली. त्याआधीही पाने गळत होती आणि मातीत मिसळत होती, परंतु ते सगळे विनापरवाना चालले होते.

मी या केंद्राचा प्रसिद्धी अधिकारी. शहरभरातला पालापाचोळा, छाटलेल्या फांद्या, पेंढा आणि लाकडाचा भुसा आमच्या मागच्या आवारात येऊन पडतो. (शहराला तो नको असतो. आम्हालाही नको असतो, पण नको म्हणण्याचे अधिकार आमच्याकडे नाहीत.) या ढिगाचे विघटन घडवून आणणे हे केंद्राचे काम. केंद्रात छत्तीस माणसे आहेत. त्यांतल्या एकीचा विघटनाशी संबंध येतो. उरलेले पस्तीस जण नियंत्रण करतात आणि तरीही त्यांना वेळ पुरत नाही.

ती एक म्हणजे बुरशीबाई. नियुक्तिपत्रावर तिचे वेगळे नाव आहे, पण ती हंगामी असल्याने ते पत्र दरवर्षी नव्याने निघते आणि कुणी नाव पाठ करायच्या भानगडीत पडत नाही. बाई शास्त्रज्ञ आहे आणि कमालीची तिरसट आहे. कुणाच्या वाढदिवसाचा केक कापला जात असला की ही नेमकी मागच्या आवारात, कोपरापर्यंत हात ढिगात घालून उभी असते. नंतर त्याच हातांनी दाराची कडी उघडते. याबद्दल लेखा विभागाने दोनदा नाराजी नोंदवली आहे.

आवाराच्या भिंतीला लागूनच तिचे दोन खोल्यांचे घर. तिथे तिचे वडील, अण्णा, नाकाला प्राणवायूची नळी लावून खिडकीशी बसलेले असतात. त्यांनी उभा जन्म सिमेंटच्या कारखान्यात काढला. त्यांची फुफ्फुसे त्यांच्याआधीच निवृत्त झाली. आता आमच्या केंद्राचा एक नियम असा आहे की, उन्हाळा लागताना जेवढा ढीग शिल्लक राहील तेवढा आगीचा धोका टाळण्यासाठी पेटवून द्यावा. (मी नियम बारकाईने वाचला आहे. त्यात खोट काढता येत नाही. एकदा पेटवलेला ढीग पुन्हा पेटण्याचा धोका खरोखरच राहत नाही.) गेल्या उन्हाळ्यात ढीग पेटवला तेव्हा अण्णांना इस्पितळात हलवावे लागले, आणि डॉक्टरांनी बाईला बाजूला घेऊन सांगितले, "पुन्हा एवढा धूर यांच्या छातीत गेला, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

तेव्हापासून बाईने एकच ध्यास घेतला: उन्हाळ्याआधी ढीग कुजला पाहिजे. कार्यालयीन कामात असा घरगुती स्वार्थ आणणे शिस्तीला धरून नाही. पण केंद्राच्या इतिहासात पहिल्यांदाच ढीग खरोखर कुजू लागला होता, हे मान्य करावे लागेल.

हे कसे घडते ते तिने मला एकदा समजावून सांगितले होते. बुरशीला डोळे नाहीत, नाक नाही, उपसमिती नाही. तिला तोंडही नाही, त्यामुळे काडी गिळायची सोय नाही. ती आपले पाचक रस बाहेर सोडते, समोरचा पदार्थ बाहेरच पचवते आणि मग आत घेते. (आमच्याकडे आधी आत घेतात.) पण हे रस बनवायला फार कष्ट पडतात, म्हणून ती ते उगाच वाया घालवत नाही. आधी अगदी थोडे रस चाचपणीला पाठवते. त्यांनी काडीचा एखादा कण फोडला आणि त्यातून साखरेचा तुकडा सुटला, की तेवढ्या चवीवरून बुरशी ओळखते की समोर लाकूड आहे. मगच सगळी यंत्रणा कामाला लागते. लाकूड फोडणे हे जगातल्या अवघड कामांपैकी एक आहे, पण ती ते गाजावाजा न करता करते.

"फक्त एक आहे," बाई म्हणाली होती. "तिला आयती साखर मिळाली ना, की ती हे सगळं बंद करते. लाकूड समोर असलं तरी त्याच्याकडे बघत नाही. खाते, फुगते आणि बसून राहते."

मी म्हणालो की, ही यंत्रणा आमच्याकडे फार पूर्वीपासून राबवली जाते. बाई हसली नाही. तिला विनोद कळत नाही, असे माझे जुने मत आहे.

त्यातच पाहणी समिती येणार असल्याचे कळले. आमचे संचालक, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, पदभार घेतल्यापासून पहिल्यांदाच मागच्या आवारात आले. ढीग काळपट-तपकिरी पडला होता, निम्म्याने खाली बसला होता, आणि त्याला जमिनीचा वास येत होता.

"हे काय झालंय?" साहेबांनी नाकाला रुमाल लावून विचारले.

"कुजतंय, सर."

"ते मलाही दिसतंय. पण समितीला दाखवायचं काय? आणि निम्मा ढीग गेला कुठे? उद्या चौकशी लागली तर निस्तरणार कोण?"

बाईने सांगितले की निम्मा ढीग बुरशीने खाल्ला. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आपल्या हाताखाली कुणी एवढे खाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, ही गोष्ट त्यांना लागली असावी. तेवढ्यात त्यांची नजर प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या काचेच्या बशीवर गेली. बशीत तीच बुरशी कापसासारखी पांढरीशुभ्र फुगलेली होती.

"ही बघा! ही किती छान आहे. ढिगावर अशी करा."

"सर, ती साखरेवर वाढवलीय. ती ऐतखाऊ आहे. ती काडीला हात लावत नाही."

"पण दिसते बघा कशी," साहेब म्हणाले, आणि विषय निर्णयाला पोहोचला.

साखरेचा पाक किती घट्ट असावा यावर जी बैठक झाली, ती केंद्राच्या इतिहासातली सर्वांत जास्त उपस्थितीची बैठक होय. प्रत्येकाला या विषयातले काही ना काही कळत होते. लेखा विभाग एकतारी पाकाच्या बाजूने होता, भांडार विभाग दोनतारीवर अडून बसला. शेवटी उपाहारगृहाच्या स्वयंपाक्याने पाक सरबताइतका पातळ ठेवा, नाहीतर झारीतून पडणार नाही, असे सांगितले आणि ते एकमताने मंजूर झाले. बाईला बैठकीला बोलावले नव्हते, कारण तिला पाकातले काही कळत नाही.

समिती आली तो दिवस मला आठवतो. ढीग कडेपासून शेंड्यापर्यंत पांढरा झाला होता. शुभ्रता चौऱ्याण्णव टक्के भरली. (मोजणी साहेबांनी पहिल्या मजल्यावरून केली.) मुंग्यांचीही रांग लागली होती, तिची नोंद आम्ही लोकसहभाग या सदराखाली घेतली. समितीच्या अध्यक्षबाई ढिगापुढे हात जोडायच्या तेवढ्या राहिल्या. "कचरा इतका स्वच्छ असू शकतो, हे मी पहिल्यांदाच बघतेय," असे त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य आता आमच्या प्रवेशद्वारावर आहे. ढीग किती उरला, असे मात्र कुणी विचारले नाही. तसे विचारणे त्या वातावरणात बरे दिसले नसते.

समितीची गाडी फाटकाबाहेर पडताच बाई साहेबांच्या खोलीत शिरली. मी तिथेच होतो.

"सर, दाखवून झालं. आता साखर बंद करा. काही दिवस उपाशी राहिली की ती परत लाकडाकडे वळेल. उन्हाळ्याला अजून वेळ आहे, अजून जमेल."

"उपाशी?" साहेबांना खरोखरच वाईट वाटले. "अहो, जिनं केंद्राचं नाव काढलं, तिला उपाशी ठेवायचं? माणसं आहोत का कोण आहोत आपण?"

आणि साखरेची कायमची तरतूद झाली. रोज सकाळी झारीने पाक घालण्यासाठी दोन माणसे नेमली गेली, त्यांच्यावर एक पर्यवेक्षक आला. ढीग होता तेवढाच राहिला. बाई मात्र पिसाळली. तिने हरकतीमागून हरकती लिहिल्या. झारीवाल्याच्या वाटेत आडवी उभी राहिली. साहेबांना तोंडावर म्हणाली, "माझे वडील या भिंतीपलीकडे आहेत. ढीग पेटवायची वेळ आली, तर मी वर्तमानपत्रात जाईन, फाटकात बसेन, पण काडी लावू देणार नाही." आम्ही पस्तीस जण थोडे घाबरलो, हे सांगायला हरकत नाही. ती ते करून दाखवणारी बाई होती.

साहेब मोठ्या मनाचे आणि त्याहून मोठ्या अनुभवाचे. त्यांनी तिला बोलावून घेतले, खुर्ची दिली, चहा मागवला आणि तिच्या हातात पत्र ठेवले. ती कायम झाली होती. अण्णांच्या औषधांचा, नळीचा, सगळा खर्च यापुढे केंद्र करणार होते. तिने पत्र दोनदा वाचले आणि खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. इतकी वर्षे ती महिन्याच्या शेवटी औषधाच्या गोळ्या अर्ध्या-अर्ध्या करून अण्णांना देत असे. हे मला तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले.

त्यानंतर ती बदलली. वेळेवर घरी जाऊ लागली, लेखा विभागाशी दोन शब्द बोलू लागली, एका वाढदिवसाला तर तिने स्वतः केक कापला. हरकती लिहायचे तिच्या लक्षातच राहिले नाही. सोडून दिल्या असे नव्हे. या आठवड्यात लिहू, असे ती म्हणत असे. तिच्या टेबलावर ढीग पेटवण्याची सूचना येऊन पडली, त्या सूचनेवर 'हरकत असल्यास कळवावे' असेही होते, पण बाई कायम होण्याच्या कागदपत्रांच्या गडबडीत होती. कायम झालेल्यांना वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. ढीग पेटवला त्या सकाळी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला छातीचे चित्र काढून घेत होती. फुफ्फुसे उत्तम निघाली.

साखर मुरलेला ढीग फार छान जळतो. जळक्या पाकाचा गोडसर वास चार गल्ल्यांपर्यंत गेला. वार्षिक अहवालात मी 'परिसरात मधुर सुगंध दरवळला' असे लिहिले आहे, आणि ते अक्षरशः खरे आहे. अण्णांनी खिडकी लावून घ्यायचा प्रयत्न केला असावा. शेजारणीला ते खिडकीखाली सापडले, एक हात कडीपर्यंत उचललेला.

मी इस्पितळात गेलो तेव्हा बाई काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. आत अण्णांचा श्वास यंत्र घेत होते. डॉक्टर आता तिच्याशी बोलायचे टाळत होते.

"मला माहीत होतं हो," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला नसेल, मला माहीत होतं. ती साखर मिळाली की थांबते, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं ना?"

मी हो म्हणालो. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असे वाटले, पण ती आता कायम कर्मचारी असल्याने मी तो ठेवला नाही. बाहेर आल्यावर मला फार वाईट वाटले. अगदी मनापासून वाटले, फाटकापर्यंत वाटत राहिले. आणि मग जरा हलके वाटू लागले. रिक्षात बसेपर्यंत तर आपण काही इतके वाईट माणूस नाही, असा माझा विश्वास बसला होता. त्या रात्री मला छान झोप लागली.

तुम्हालाही एव्हाना वाईट वाटले असेल. वाटून घ्या, त्यासाठीच हे लिहिले आहे. पचायला इतके हलके दुसरे काही नाही, आणि एकदा ते पोटात गेले की अवघड काही फोडायची गरज उरत नाही. पुढच्या वर्षाचा ढीग यायला लागला आहे. तो तुमच्याच अंगणांतून आणि तुमच्याच फाटकांतून येतो. तो पेटवण्याबाबत नागरिकांच्या हरकती मागवल्या आहेत. वाचकांचा आजवरचा अनुभव लक्षात घेता, त्या टाकण्यासाठी आम्ही पेटी बसवलेली नाही.