जात्यावरची सवत

संप सुरू झाला आणि महिपत गिरणीतून पोलादपूरजवळच्या आपल्या वाडीत येऊन बसला. बसला म्हणजे अगदी बसलाच. मुंबईत तो जॉबर, म्हणजे गिरणीतल्या एका खात्याचा मुकादम होता, त्याच्या नुसत्या भुवईवर अख्खं खातं हलायचं. आंबेनळी घाटात रस्त्याचं काम निघालं तेव्हा तो म्हणाला, "जॉबरनं खडीची पाटी उचलायची? लोक काय म्हनतील?" लोकांनी काही म्हणू नये म्हणून खडी फोडायला त्याची बायको तुळसा निघाली, आणि दहा महिन्यांचा मोरू बापाच्या पदरात पडला.

"पेज चुलीवर हाय. रडला तर मांडीवर घ्या," ती उंबऱ्यातून म्हणाली.

"मला शिकवू नको गो. अख्खं खातं संबाळतो मी. ह्ये एवडंसं पोर काय जड हाय?"

तुळसा घाटाच्या वाटेला लागायच्या आत मोरूने सूर लावला. महिपतने चुटक्या वाजवल्या, पेज भरवली, शेवटी खात्यातला ठेवणीतला दरडावणीचा आवाज काढला. या आवाजाने मुंबईत माणसं मुकाट कामाला लागत. मोरूही लागला, दुप्पट जोराने. दमलेला महिपत त्याला मांडीवर घेऊन जात्याशी टेकला आणि हाताला चाळा म्हणून त्याने खुंटा फिरवला. आत पहाटेचे चार दाणे उरले होते. घरघर सुरू झाली आणि पोर गप्प झालं.

तुळसा रोज पहाटे त्याला मांडीवर घेऊनच दळायची, त्याला तेवढी एकच अंगाई ठाऊक. जातं थांबलं की मोरूचे डोळे उघडत. रिकामं जातं फिरवावं तर दगड खरखरायचा आणि तो पुन्हा रडायचा. म्हणून महिपतने मूठभर नाचणी जात्यात सोडली, मग आणखी मूठभर. पण मिशीवाल्या माणसाने जात्याला हात लावलेला वाडीने कधी पाहिला नव्हता. कळलं असतं तर शिमग्याच्या सोंगांना जन्माचा विषय मिळाला असता. त्याने आधी दाराला अडसर घातला आणि मगच नेटाने दळायला घेतलं.

शेजारच्या ठकूबाईने तुळसाला डोळ्यांदेखत घाटाकडे जाताना पाहिलं होतं. भर दुपारी जातं ऐकून ती दाराशी आली.

"महिपता, आत कोन दळतंय रे?"

"कोन नाय, काकी," आतून उत्तर आलं. जातं चालूच होतं.

महिपत बोलतो आहे आणि जातंही फिरतं आहे, म्हणजे आत दुसरं माणूस आहे, असा हिशेब ठकूबाईने उभ्या उभ्या केला. पुरुषच दळत असेल ही शंका तिला शिवलीसुद्धा नाही.

"मुंबैची आनलीस काय रे?"

महिपत विचारात पडला. मीच दळतोय म्हणावं तर कायमची अब्रू जाते. बाई आणली म्हणावं तर, वाडीत दोन बायकांचे दादले पूर्वीही होऊन गेले होते आणि गावकीत त्यांना पान पहिलं मिळत होतं.

"आता तुमच्यापास्नं काय लपवायचं, काकी," तो म्हणाला.

घटकाभरात अंगण भरलं. "संपात दुसरी आनली. छाती लागते," गावकीचा म्होरक्या गोमाजी म्हणाला. पुरुषांनी माना डोलावल्या. बायका मात्र घाटाच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या. तेव्हा कुठे महिपतच्या डोक्यात तुळसा आली. ती ऐकून घेणारी नव्हती. पोराला काखोटीला मारून सरळ शिवथरला माहेरी गेली असती, आणि तिच्यावाचून त्याला घर खायला उठलं असतं. तिच्यावर त्याचा जीव होता, हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं इतकंच.

उन्हं कलताना तुळसा आली. ठकूबाईने तिला वाटेतच गाठून सगळं सांगितलं. तुळसा तडक घराकडे निघाली. खडी फोडायचा हातोडा हातात तसाच धरून ती दाराशी उभी राहिली.

"दार उघडा."

अडसर निघाला. ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. सवत लपायला घरात जागा होती कुठे? चूल, मडक्यांची उतरंड आणि जातं. जात्याभोवती पिठाचा ढीग, आणि अडसर काढून घाईघाईने पुन्हा जात्याशी बसलेला, मिशीपर्यंत माखलेला नवरा. मांडीवर मोरू.

"थांबलो की रडतंय त्ये," महिपत पुटपुटला.

तुळसाने तोंडात पदर कोंबला. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. मग तिने त्याचा तळहात उलटा करून पाहिला. फोड आले होते. तिला वाईट वाटलं, पण फार नाही.

"पीठ बारीक हाय," ती चिमटीत घेऊन म्हणाली. "आता भाईर जा नि सांगा, मीच दळत व्हतो म्हनून."

बाहेर गोमाजी खाकरला. महिपतने मिशीवरून हात फिरवला, तसं पीठ गळलं.

"तूच सांग काय सांगायचं त्ये. पन ह्ये नको."

"बरं," तुळसा म्हणाली आणि बाहेर आली.

"हाय," ती म्हणाली. "गरीब हाय बिचारी. तोंड वर करून बोलत नाय, कामाला वाघ हाय. पोरालाबी लळा लागलाय. ऱ्हाऊ दे."

"तोंड तरी दाव गो तिचं," ठकूबाई म्हणाली.

"लय लाजते, काकी."

ठकूबाई जरा घुटमळली. "मंग आमची वाईच नाचनी दळून देईल काय गो? माजे सांदे धरल्यात."

"आना की. समद्याच आना. मी दिसभर घाटात. तिला आत दुसरं काम काय?"

आत महिपतचा हात थांबला. मोरूने डोळे उघडले. बाहेर बायका आपापली सुपं भरून आणायला लगबगीने पांगल्या होत्या. महिपतने मुकाट्याने नाचणीची मूठ जात्यात सोडली आणि खुंटा धरला.

अंगणातून गोमाजीचा आवाज आला. तो पुरुषांना सांगत होता, "नशीब लागतं रे. एक भाईर राबते, एक घरात राबते, आन् ह्यो गडी आत आरामात बसलाय."