सुभेदारांच्या धनुष्याचा डोळा

सुभेदार दादासोंनी सोप्यात बसून दाभणाच्या टोकानं धनुष्याच्या दोरीचे पदर सुटे करायला घेतले, तेव्हा त्यांच्या बायकोचा, शालूबाईंचा, भाकरी थापणारा हात थांबला. चांगली धडधाकट वस्तू, त्यात जावयानं अमेरिकेहून आणलेली, आणि हा माणूस तिची दोरी उसवत बसलाय, हे त्यांना बघवेना. त्यांनी तसं बोलून दाखवलं. दादासोंनी मान वर न करता सांगितलं, की आपण दोरी उसवत नसून तिच्यात डोळा बसवतोय.

डोळा म्हणजे वाटाण्याएवढी काळी चकती होती आणि तिला मधोमध भोक होतं. दोरीचे पदर निम्मे-निम्मे करून ती त्यांच्यामध्ये बसवायची. दोरी गालापर्यंत ओढली की भोक आपल्या डोळ्यासमोर येतं, भोकातून धनुष्याच्या मुठीवर लावलेली पुढची खूण दिसते, ती नेमावर धरायची आणि बाण सोडायचा, असं जावयानं सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे, परत जायच्या गडबडीत एस.टी.च्या खिडकीतून हातवारे करून दाखवलं होतं. बाकी धनुष्य तयारच होतं. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं आणि त्या चाकांवरून तारा गेलेल्या. मुंबईच्या विमानतळावरच्या साहेबानं ते सूत कातायचं अमेरिकन यंत्र समजून सोडून दिलं होतं.

या डोळ्यावाचून दादासोंचं चालण्यासारखं नव्हतं. सारा जन्म त्यांनी पलटणीत रायफल चालवली होती. रायफलीला पुढची साइट असते तशी मागचीही असते, आणि मागची साइट नसलेल्या हत्याराला ते काठी म्हणत. शिवाय या वर्षी त्यांचा बाण चुकून चालणार नव्हता.

त्याचं असं झालं होतं. नांदवडीत दसऱ्याला शिलंगणाचं सोनं लुटायच्या आधी शिवेवर एक बाण मारायची चाल आहे. आपट्याच्या झाडाला कोहळा टांगायचा आणि त्यावर पाटलांनी बाण सोडायचा. हा मान आप्पासो पाटलांचा. धनुष्य बांबूचं, पाटलांच्या बापाच्या वेळचं. त्यातून सुटलेला बाण वाटेत कुठंतरी दमून खाली बसायचा, पण तो खाली बसायच्या आत हलगी वाजायची, "लागला" म्हणून गाव ओरडायचं आणि आपट्यावर तुटून पडायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. दादासोंना मात्र नोकरीभर दसऱ्याला कधी रजा मिळाली नव्हती. पेन्शनीवर आल्यावर गेल्या वर्षी त्यांनी हा सोहळा पहिल्यांदा जवळून पाहिला आणि हलगी वाजायच्या आत खणखणीत आवाजात जाहीर केलं, "ह्यो बाण लागल्याला न्हाई."

ते खरंच बोलले होते. चांदमारीत नेम चुकला तर चुकला म्हणून सांगायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. पण हलगीवाल्याचा हात वरच राहिला. आप्पासोंनी शांतपणे धनुष्य खाली ठेवलं आणि ते म्हणाले, "मग फुडल्या साली तू मार, दादासो. लागला तर मान तुझ्या घराकडं. चुकला तर गावकीत पुन्यांदा तोंड उघडायचं न्हाई."

तेव्हापासून दादासोंचं वर्ष वाईट गेलं. चावडीवर ते पाण्याच्या पाळीबद्दल बोलोत, देवळाच्या पत्र्याबद्दल बोलोत, कुणीतरी हळूच म्हणायचं, "बघू की दसऱ्याला." ज्याच्या एका शब्दावर पलटणीत शंभर पोरं उभी राहत, त्याला गावात कुणी पुरतं बोलू देईना. हे त्यांना फार लागलं होतं. म्हणूनच लेकीच्या, उमाच्या नवऱ्यानं अमेरिकेहून काय आणू म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी घड्याळ मागितलं नाही, रेडिओ मागितला नाही, धनुष्य मागितलं.

डोळा बसवायचा तर आधी तो दोरीवर नेमका कुठं यायला हवा हे ठरवावं लागतं. त्यासाठी डोळे मिटून दोरी ओढायची, हात गालाला सवयीच्या जागी टेकवायचा, आणि डोळ्याच्या रेघेत दोरीवर दुसऱ्या कुणीतरी खूण करायची. दुसरा माणूस म्हणून दादासोंनी शेजारच्या जोतीरामला बोलावलं. डोळे मिटल्यावर डोळा कुठं आहे ते कसं कळणार, असा प्रश्न जोतीरामनं काढला. ते आपल्याला नाही, तुला कळायचंय, असं दादासोंनी त्याला समजावलं आणि दोरी ओढली. ही अमेरिकन दोरी निम्म्यापर्यंत जीव काढते आणि मग एकाएकी हलकी होते, चाकांची करामतच ती. दादासोंचे थरथरणारे दंड अचानक सैल पडलेले बघून जोतीरामला वाटलं, आत काहीतरी मोडलं. तो खडूसकट अंगणात पळाला. दादासो डोळे मिटून दोरी धरून तसेच उभे राहिले आणि बऱ्याच वेळानं त्यांनी, खूण झाली का म्हणून विचारलं. उत्तर शालूबाईंनी चुलीपासून दिलं.

अखेर खूण झाली, चकती बसली, तिच्या वर आणि खाली मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे बसले. दादासोंनी मोठ्या उमेदीनं दोरी ओढली आणि उघड्या डोळ्यांपुढं काळोख आला. दोरीला ओढताना पीळ बसत होता आणि त्या पिळाबरोबर चकती फिरत होती. भोक नेमावर बघायच्या ऐवजी दादासोंच्या कानाकडं बघत होतं.

यावर उपाय एकच होता. दोरी एका टोकाला सोडवून तिला उलटा अर्धा पीळ द्यायचा. पण ही दोरी सोडवायची तर आधी धनुष्याची दोन्ही टोकं दाबून जवळ आणावी लागतात. त्याचं यंत्र अमेरिकेत होतं. नांदवडीत ऊस होता. उसाची गाडी भरल्यावर वरून सोल, म्हणजे जाड दोर टाकून, त्यात काठी अडकवून पिळतात तसं करावं, असं जोतीरामनं सुचवलं. दोघांनी धनुष्याच्या टोकांना सोल बांधला, काठी घालून पिळला, आणि खरोखरच दोरी ढिली पडली. पीळ देऊन झाला. आता भोक दुसऱ्या बाजूला, थेट जोतीरामकडं बघू लागलं.

मग रोज तेच सुरू झालं. सकाळी सोल, काठी, पीळ. दुपारी परत सोल, काठी, पीळ. येणारा-जाणारा ओट्यावर टेकायचा, "आज डोळा कुठं बघतोय?" म्हणून विचारायचा आणि जाताना सल्ला देऊन जायचा. घरात दुसरा विषय उरला नाही. डोळा सरळ तर सगळं सरळ, सगळा जीव त्या डोळ्यात, असं दादासो जेवतानासुद्धा सांगत. शालूबाई ऐकत आणि ताटात आमटी वाढत.

अष्टमीच्या दुपारी डोळा सरळ झाला. दादासोंनी दोरी ओढली आणि भोकातून मळ्यातला बांध, बांधावर टांगलेलं गाडगं आणि गाडग्यावरची चुन्याची फुली स्वच्छ दिसली. बाण सुटला, गाडगं फुटलं. दुसरं टांगलं, तेही फुटलं. घरातली गाडगी संपत आल्यावर शालूबाईंनी बाण काढून घेतले. दादासोंना इतका आनंद झाला, की त्यांनी जोतीरामला मिठी मारली. त्यांनी धनुष्य देवघरातल्या खुंटीला अडकवलं, कुणीही हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते नवा फेटा आणायला इस्लामपूरला गेले.

तो दुसरा दिवस खंडेनवमीचा होता. या दिवशी घरातलं एकूणएक हत्यार धुऊन पुजतात, आणि पुजलेलं हत्यार दसऱ्याला शिलंगणाच्या वेळेपर्यंत जागचं हलवत नाहीत. शालूबाईंनी विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, मळ्यातली सायकल सगळं घासूनपुसून काढलं. मग त्यांची नजर खुंटीवर गेली. कुणीही हात लावायचा नाही, हे पूजेला लागू असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. दोरी मेणानं काळीकुट्ट झाली होती. ती त्यांनी रिठ्याच्या पाण्यात भिजवून चांगली चोळली. चोळताना चकती जरा हलली, ती त्यांनी अंदाजानं मधोमध आणून ठेवली. मग पाटावर विळ्या-कोयत्यांच्या मधोमध धनुष्य मांडलं. सगळा जीव डोळ्यात आहे हे त्या महिनाभर ऐकत होत्या, म्हणून गंधाचा पहिला मान त्यांनी डोळ्याला दिला. हळद-कुंकू कालवून भोक काठोकाठ भरलं आणि वर दोन अक्षता चिकटवल्या.

दादासो दुपारी फेटा घेऊन आले, देवघरात डोकावले आणि चौकटीला धरून खाली बसले.

"त्या भोकात काय घातलंयस?"

"हळद-कुकू. आवं, तुमीच म्हनताय की, सगळा जीव डोळ्यात हाय."

"आता त्यातनं मला दिसायचं कसं?"

"देवाचं नाव घेऊन बघा. गाडग्याला येवढं दिसलं, मग देवाच्या कोहळ्याला न्हाई व्हय दिसायचं?"

पुजलेल्या हत्याराला हात लावायची दादासोंची छाती नव्हती, पलटणीतही ते पाळलेलं. उरलेला दिवस त्यांनी पाटापुढं बसून काढला. हात न लावता फुंकर मारता येईल असं वाटून त्यांनी वाकून जोरात फुंकलं. गंध ओलं होतं, ते हललं नाही, समई मात्र विझली. शालूबाईंनी समई पुन्हा लावली आणि त्यांना ओट्यावर जाऊन बसायला सांगितलं.

दसऱ्याला धनुष्य देवाच्या पालखीतून शिवेवर गेलं, त्यामुळं वाटेतही हात लावता आला नाही. दादासो नवा फेटा बांधून पालखीमागं चालत होते. शिवेवर आप्पासोंनी स्वतः धनुष्य उचलून त्यांच्या हातात दिलं. सबंध गाव जमलेलं. दादासोंनी पाठ फिरवून जोतीरामकडं काटा मागितला. जोतीरामनं बाभळीचा काटा आणला, पण गंध वाळून दगड झालं होतं. उकरून उकरून ज्वारीच्या दाण्याएवढी फट पडली. गुरव दिवस मावळतोय म्हणून घाई करायला लागला. आणखी वेळ लावणं शोभेना.

दादासोंनी दोरी ओढली. ती निम्म्यात जड झाली, मग हलकी झाली, हात गालाला टेकला. धुतलेल्या दोरीनं आपला जुना पीळ धरला होता. त्या फटीतून दादासोंना पुढची खूण दिसेना, झाड दिसेना, कोहळा दिसेना. फक्त आपल्याच नव्या फेट्याचा गुलाबी शेमला दिसला. ते तसेच उभे राहिले. लोकांना वाटलं, सुभेदार देवाचा धावा करतायत, आणि तेवढं मात्र खरं होतं. शेवटी बोटं दमली आणि बाण सुटला.

तो कुणालाच दिसला नाही. पाटलांचा बाण डोळ्यांदेखत खाली बसायचा, हा सटकन आवाज करून नाहीसा झाला. झाडामागं उसाचा फड होता, त्यात कुठंतरी पाचट वाजलं, तेवढं दादासोंनी आणि जोतीरामनं ऐकलं. कोहळा जागच्या जागी होता. हलगीवाला या वर्षी शहाणा झाला होता, तो आप्पासोंच्या तोंडाकडं बघत थांबला. सगळेच बघत होते.

आप्पासो काठी टेकत झाडाकडं गेले. कोहळ्यावरून त्यांनी हात फिरवला, पुढून फिरवला, मागून फिरवला. दादासोंना वाटलं, आता जन्मभर गावकीत मुक्यानं बसायचं. आप्पासो वळले आणि म्हणाले, "लागला. आरपार गेला."

हलगी कडाडली. गाव ओरडलं आणि आपट्यावर तुटून पडलं. पोरं येऊन दादासोंच्या पायाला हात लावायला लागली. दादासो वाट काढत आप्पासोंजवळ गेले. खोटा मान घ्यायची त्यांना लाज वाटत होती.

"आप्पा, बाण उसात गेलाय."

"मला कळतंय."

"मग लागला म्हून का सांगितलंसा?"

"गावाचा बाण हाय, गड्या," आप्पासो आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवत म्हणाले. "त्यो लागावा लागत न्हाई, लागल्यालाच असतोय. चुकला म्हनलं तर वरीसभर कुनाची म्हस आटली तरी लोक ह्याच बाणाला लावत्यात. येवढी वर्सं मी हेच तर वडत आलोय. आता तू वड."

दादासोंना पहिल्यांदाच या म्हाताऱ्याबद्दल माया वाटली. ते वाकले आणि पाटलांच्या पाया पडले. गावानं तेही पाहिलं, आणि सुभेदारांना इतकी विद्या असून गर्व कसा तो नाही, असं लोक एकमेकांना सांगू लागले.

घरी शालूबाई ओवाळायला ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. बातमी दादासोंच्या आधी पोचली होती, पण त्यांना ती नवऱ्याच्या तोंडून ऐकायची होती. लागला का म्हणून त्यांनी विचारलं. तीस वर्षांच्या संसारात दादासो बायकोशी खोटं बोलले नव्हते. त्यांनी एकदा जोतीरामकडं बघितलं, एकदा हातातल्या धनुष्याकडं बघितलं.

"लागला," ते म्हणाले. "आरपार."

शालूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी दादासोंना ओवाळलं, मग धनुष्याला ओवाळलं आणि काट्यानं उकरलेल्या त्या भोकाकडं निरखून बघितलं.

"बघा, तुमी उगंच आरडत व्हता. सगळी गंधाची करामत. आता मान आपल्या घरात आलाय, तर फुडल्या खंडेनवमीला मी डोळ्यात शेंदूर भरनार."