सुपडूभाऊच्या बहिणी

धुळ्याच्या एसटी स्टँडसमोरच्या त्या हॉटेलात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या एका दांडगट माणसाने मला सगळ्यांदेखत झापलं. "कितला उशीर कया व अक्का? कव्हयनी वाट देखी ऱ्हायनू. बस तठे, हात धुई ले. आनी दाजी कोठे ऱ्हायना?"

या माणसाला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. मला उशीर झालेला नव्हता. आणि दाजी कुठे राहण्याचा प्रश्नच नव्हता, कारण माझं लग्नच झालेलं नव्हतं.

मला राग आला. तसा तो मला पटकन येतोच. मी पिंपळनेरच्या शाळेत शिक्षिका होते, घर जळगावला. जाता-येता धुळ्याला गाडी बदलावी लागे आणि पुढची गाडी कधी येईल ते तिच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसे. साठ-पासष्टचा तो काळ. एकट्या बाईने हॉटेलात जायचं नाही, असा एक कुठेही न लिहिलेला कायदा होता. 'फॅमिली रूम' अशी पाटी प्रत्येक हॉटेलात असे, मळकट पडद्यामागे दोन बाकडी असत, पण तिथे शिरायला सोबत पुरुष लागे. एकटी बाई म्हणजे फॅमिली नव्हे. गाडीतून उतरलेले पुरुष धोतर सावरत सरळ आत जाऊन हादडत आणि त्यांच्या बाया बाहेर गाठोड्यावर बसून पदराने वारा घेत. मीही कित्येक दुपारी शेंगा फोडून काढल्या. त्या दिवशी भूक आणि संताप दोन्ही अनावर झाले म्हणून आत शिरले, तर हा बाप्या मला अक्का म्हणून दटावत होता.

मी बसले ती त्याला सुनवायचं ठरवूनच. तेवढ्यात शेवभाजी आणि भाकरी पुढे आली. अर्धी भाकरी पोटात गेल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे कोणी बघत नाही. मी आत येताना वळलेल्या माना परत आपापल्या ताटाकडे गेल्या होत्या. मॅनेजरची बहीण जेवायला आली, त्यात बघायचं काय? एक मिशाळ गृहस्थ तेवढे टक लावून होते. त्यांच्या टेबलावर याने पाण्याचा तांब्या असा आदळला की पाणी त्यांच्या मांडीवर गेलं. "काय देखी ऱ्हायना? ताटमा देख."

हा मॅनेजर म्हणजे सुपडूभाऊ. हॉटेल एका मारवाडी शेठजींचं. शेठजी गल्ल्यावर बसत, बाकी राज्य याचं. बोटं उडवून वाढप्याला बोलावणाऱ्या गिऱ्हाइकाला तो स्वतः जाऊन विचारी, "कुत्रं हरायनं का तुनं?" वाढप्याला शिवी देणाऱ्याच्या पुढचं ताट तो उचलून नेई. फॅमिली रूमचा पडदा त्याने एक दिवस काढला आणि फाडून टेबलं पुसायची फडकी केली. शेठजी भडकले. हा म्हणाला, "ज्याले लपानं व्हई त्याने घर जेवानं." शेठजी रोज संध्याकाळी त्याला काढून टाकायचं ठरवत आणि सकाळी हॉटेल भरलेलं बघून विसरून जात.

पुढे येता-जाता मी त्याच्या बाकीच्या बहिणी पाहिल्या. वरणगावकडची एक नर्स होती. केळ्यांच्या घडाचे पैसे वसूल करायला निघालेली सावद्याची एक म्हातारी होती. तिलाही हाच प्रश्न, दाजी कोठे ऱ्हायना? "मसणात," म्हातारी म्हणाली आणि निवांत जेवली. एकदा बुरखा घेतलेली एक बाई लहान मुलीला घेऊन दारात घुटमळत होती. तिलाही तो त्याच आवाजात ओरडला, "कितला उशीर कया व अक्का?" एका वकिलाने त्याला हसत विचारलं, "सुपडूभाऊ, बहिणी किती हो तुम्हाला?"

"बठ्ठ्या," सुपडूभाऊ म्हणाला. म्हणजे सगळ्याच.

पुढच्या आयुष्यात मी मोठ्या शहरांतल्या बड्या बड्या हॉटेलांत जेवले. तिथले टाय लावलेले मॅनेजर कमरेत वाकतात, बाईसाहेब म्हणतात आणि एकटी बाई दिसली की तिला मोरीजवळचं टेबल देतात. असल्या नम्रतेचा मला तिटकारा आहे. पायरीवरच्या माणसाला कशाची भीती वाटतेय हे तो आत येण्याआधीच जो ओळखतो आणि ती भीती दाराबाहेर ठेवतो, तो मॅनेजर. बाकीचे नुसते कपडे.

पण अक्का हे मला काही पचत नव्हतं. एकदा गर्दी नव्हती, तेव्हा मी त्याला धरलंच. म्हटलं, "मी तुमची अक्का नाही. तुम्हाला खरी बहीण आहे की नाही?"

"शे," तो म्हणाला. "थोरली. सावद्याले दियेल शे."

"मग तिला कधी इथे पाहिली नाही."

तो माझ्यावर डाफरला. मी काय चौकशी करायला आले होते की जेवायला? पण उठून मात्र गेला नाही. टेबलावरचं फडकं पिळत राहिला आणि तुटक तुटक बोलला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी नवऱ्याचा मार खाऊन अक्का माहेरी आली होती. कडेवर तान्ही पोर. वडिलांनी दुसऱ्या दिवशी सुपडूला सांगितलं, नेऊन सोड. हा घेऊन निघाला. धुळ्याला गाडी बदलायची होती. अक्का म्हणाली, भूक लागलीय, अंगावर पाजायचंय, दूध येत नाही. हा म्हणाला, "आपला घरन्या बाया हॉटेलमा बसतस नही." तिला स्टँडवर बसवून हा एकटा याच हॉटेलात आला आणि जेवला. मग तिला सावद्याला नेऊन सोडलं. त्यानंतर ती कधी माहेरी आली नाही.

"आणि तुम्ही?" मी विचारलं. "आखाजीला मुराळी म्हणून तिला आणायला गेलात कधी?"

"काय तोंड लईसन जाऊ?"

माझा पारा चढला. मी म्हटलं, "साऱ्या जगाच्या बायांना इथे अक्का म्हणून दटावता आणि सावद्याला जायला जळगावची गाडी समोरून सुटते तिच्यात तुम्हाला चढवत नाही? तुम्ही भित्रे आहात सुपडूभाऊ."

"भाजी थंडी व्हई ऱ्हायनी," तो म्हणाला. "जेव."

त्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी मी जळगावला निघाले होते. खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण, सासुरवाशिणी माहेरी येतात आणि भाऊ त्यांना आणायला जातात. स्टँडवर जिकडेतिकडे भाऊ-बहिणी आणि आंब्यांच्या टोपल्या. सुपडूभाऊ त्या दिवशी नेहमीपेक्षा दुप्पट चिडका होता. मी दाराजवळच्या टेबलावर बसले होते.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन थांबली. उन्हाने रापलेली, वाळकी, हातात पिशवी. एकटीच. माना वळल्या. सुपडूभाऊ आता ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. तो ओरडला नाही. तांब्या हातात धरून नुसता उभा होता. बाई त्याच्याकडे बघत होती. कोण ते मला कळायला वेळ लागला नाही.

लोक बघत होते. बाईने एक पाऊल मागे घेतलं. आता ही गेली तर पुन्हा येणार नाही, हे मला दिसत होतं आणि त्या ठोंब्याला दिसत असूनही तो हलत नव्हता. मला इतका संताप आला की मी ताटावरून उठले आणि दारात जाऊन ओरडले, "किती उशीर केलास अक्का! कधीची वाट बघतेय मी. ये, बस." तिचा हात धरून मी तिला माझ्यासमोर बसवलं. मग सगळ्या हॉटेलला सांगितलं, "ताटात बघा."

सुपडूभाऊने ताट स्वतः आणलं. वाढप्याने पुढे केलेला हात त्याने झटकला. अक्का खाली मान घालून जेवली. त्याने दुसरी भाकरी आणली, तिने ती घेतली. तिसरीला हात आडवा केला. माझी जळगावची गाडी समोरून निघून गेली तरी मी हलले नाही.

हात धुऊन अक्काने पिशवी उचलली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पोरले लेवाले चालनी मी. साक्रीले दियेल शे. तिनी पहिली आखाजी, मुराळी कोनी नही."

त्याने तिचं ताट उचललं.

"येवाना टाइमले," ती दारापाशी थांबून म्हणाली, "दोन्हीजनी आठेच जेवसूत."

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी स्टँडवर उपाशी बसलेल्या याच त्या दोघी. सुपडूभाऊने मान हलवली. ती पायरी उतरली तेव्हा कुठे त्याला आवाज फुटला.

"उशीर करू नको व अक्का," तो म्हणाला. एरवी त्याचा आवाज स्टँडपर्यंत जायचा. हे मी जवळ बसले होते म्हणून मला ऐकू आलं.