तक्रारीचा पोशाख

सांतानकाका फोनची तक्रार करायला इस्त्रीचा शर्ट घालतात. पूर्ण बाह्यांचा. शर्ट पँटमध्ये खोचतात, पट्टा लावतात, पायात बूट. तक्रार फोनवरूनच करायची असते आणि पलीकडची मुलगी काही त्यांना बघत नसते, हे मी एकदा सुचवून पाहिलं.

"सेक्रेटरीबाय," ते म्हणाले, "गंजीवर केलेली तक्रार आवाजात कळते."

मी आमच्या इमारतीची सेक्रेटरी, म्हणून 'सेक्रेटरीबाय'. निर्मळ गावात राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी उपयोगाच्या माणसांची यादी केली होती: प्लंबर, दूधवाला, गॅसवाला, डॉक्टर. सांतानकाकांचं नाव त्यात नव्हतं. ते स्वतःहून दारात आले, बूट घालून. त्यांची लाईन बंद होती आणि तक्रार करायला माझा मोबाईल हवा होता. स्वतः मोबाईल ते वापरत नाहीत. घरात काळा, जड, तबकडीवर बोट फिरवायचा फोन आहे. मुलीने दिलेला मोबाईल त्यांनी खोक्यासकट कपाटात ठेवला आहे.

त्या दिवशीचं संभाषण मी कान देऊन ऐकलं.

"सर, तुम्ही आत्ता त्याच नंबरवरून बोलताय का?"

"बाय, त्या नंबरवरून बोलता आलं असतं, तर तुला त्रास कशाला दिला असता?"

"सर, मोडेम बंद करून परत चालू करा."

"मोडेम नाही. फोन आहे. तो बंदच आहे. त्याला आणखी बंद कसा करू?"

मग त्यांनी तक्रार क्रमांक उतरवून घेतला, वाचून दाखवला, मुलीचं नाव विचारलं, तेही लिहिलं आणि "देव तुझं भलं करो, पण वायरमन पाठव" असं म्हणून मोबाईल रुमालाने पुसून मला परत दिला.

काका शाळेत हेडक्लार्क होते. सगळं कागदावर, सगळं तारीखवार. याद्या करणारी बाई म्हणून मला तो माणूस तिथेच आवडला. त्यांच्या तक्रारवहीत मात्र नुसत्या तारखा नाहीत, चर्चचे सणवार आहेत. एक नोंद मला पाठ आहे: "लाईन राखेच्या बुधवारी गेली, झावळ्यांच्या रविवारी आली. उपवासकाळ जवळजवळ पूर्ण पाळला."

रोज सकाळी सायकलवरून ते वायरीची पाहणी करतात. घरापासून नाक्यावरच्या पेटीपर्यंत. कुणाच्या वाडीतली केळ वायरीवर झुकली आहे, कुठल्या खांबाला वेल चढला आहे, सगळं त्यांना ठाऊक. नाक्याजवळ वायर जमिनीखालून जाते. तिथे त्यांनी रस्त्यावर चुन्याची रेघ मारून ठेवली आहे. पाण्याच्या पाइपसाठी एकदा जेसीबी आला, तेव्हा काका छत्री आडवी धरून त्या रेघेवर उभे राहिले. चालक ओरडला, "चाचा, हटो!" काका म्हणाले, "मैं हटेगा, वायर नहीं हटेगा." खड्डा दोन हात पलीकडे खणला गेला.

वायर त्यांची असो की दुसऱ्याची, ते भांडतात सारखंच. आमच्या आळीत इंटरनेट आठवड्यातून दोनदा तरी जातं. मग घरून काम करणारे सगळे आमच्या गच्चीवर रेंज शोधत फिरतात, हात वर करून, लॅपटॉप पोटाशी धरून. अशा वेळी काका खालून विचारतात, "किती जणांचं गेलंय? नावं सांगा," आणि शर्ट बदलायला घरात जातात.

त्यामुळे त्यांनीच आळीची अडवणूक केली, तेव्हा कुणाला खरं वाटेना.

झालं असं, की फोन कंपनीने जुन्या तांब्याच्या वायरी काढून नवी फायबरची वायर टाकायचं ठरवलं. अट एकच: जुनी जोडणी असलेल्या सगळ्यांची संमती. आमच्या आळीत अशी एकोणीस घरं. मी यादी केली आणि चार दिवसांत अठरा सह्या घेतल्या. काकांनी फॉर्म चष्मा वर-खाली करत दोनदा वाचला आणि सहाव्या कलमावर बोट ठेवलं. जुना नंबर रद्द होऊन नवीन मिळेल.

"सही होणार नाही."

"काका, नंबर काय, कुठलाही चालतो."

"तुम्हाला चालतो."

दुसऱ्या दिवशी बँकेत काम करणारा विल्सन त्यांच्या फाटकाशी जाऊन तावातावाने बोलला. "काका, काल मीटिंगमध्ये मी तीनदा गायब झालो! साहेब म्हणाला, तू आहेस तरी कुठे? आणि तुमचा फोन मुळात वाजतो का? शेवटचा कधी वाजला?"

"वाजणं त्याचं काम," काका म्हणाले. "चालू ठेवणं माझं."

विल्सनने माझ्याकडे पाहिलं. सगळी आळीच माझ्याकडे पाहत होती. मी संध्याकाळी पाच मुद्दे कागदावर लिहिले आणि काकांकडे गेले.

त्यांनी पाचही मुद्दे ऐकून घेतले. मग समोरच्या घराकडे पाहिलं. तिथे ओट्यावर सिसिलबाय सोनचाफ्याची फुलं निवडत बसली होती. ऐंशीच्या घरातली, एकटी.

"पूर्वी आळीत हा एकच फोन," काका म्हणाले. "सगळे माझाच नंबर द्यायचे. अर्जावर, लग्नपत्रिकेवर. पुढे पी.पी. लिहायचे, म्हणजे फोन शेजाऱ्याचा. फोन आला की मी जाऊन हाक मारायचो. सिसिलबायचा आंतोन बापाशी भांडून घरातून गेला. चार महिने पत्ता नाही. एका दुपारी मला ताप होता आणि सकाळपासून फोन थांबत नव्हता. याला बोलव, तिला बोलव. परत वाजला. 'सिसिलबायला बोलवता का?' मी म्हणालो, हे काय पोस्ट ऑफिस आहे? आणि आपटला."

त्यांनी मान वळवून आतल्या फोनकडे पाहिलं.

"आवाज कुणाचा, ते आपटल्यावर कळलं. तीन दिवस रजा टाकून फोनजवळ बसलो. नाही आला."

"सिसिलबायला माहीत आहे?"

"त्याच संध्याकाळी सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. ती म्हणाली, तो करील परत. तू फोन नीट ठेव."

"किती वर्षं झाली?"

"माझी एलिझा तेव्हा बालवाडीत होती. आता तिची पोरगी बालवाडीत आहे."

तेवढ्यात समोरून हाक आली. "सांतान, लाईन आहे?"

काका उठले, आत गेले, रिसीव्हर कानाला लावून परत आले. "आहे गं!"

ही हाक मी रोज संध्याकाळी ऐकत आले होते. म्हाताऱ्यांचं काहीतरी, एवढंच वाटायचं.

पाच मुद्द्यांचा कागद मी पर्समध्ये घातला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात गेले तर कळलं, की जुना नंबर कायम ठेवता येतो, पण वेगळा अर्ज करावा लागतो आणि वेळ जातो. त्यात तीन आठवडे गेले. तेवढे दिवस आळीच्या ग्रुपवर माझा यथेच्छ उद्धार झाला. मी 'तांत्रिक अडचण' एवढंच लिहिलं. शेवटी नवी वायर आली, नंबर तोच राहिला. पण मला सांगायचं आहे ते अर्ज भरला त्या दिवसाबद्दल.

अर्जात एक रकाना होता: 'नंबर कायम ठेवण्याचे कारण'. जागा एकाच ओळीची. साध्या खरखरीची तक्रार चार पानं लिहिणारे काका पेन हातात घेऊन बसून राहिले. नाव लिहून झालं होतं, पत्ता सुवाच्य अक्षरात झाला होता. पेन पुढे जाईना. अखेर त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला.

"तुम्हीच लिहा."

मी लिहिलं: 'या नंबरवर एक फोन येऊ शकतो.'

त्यांनी वाचलं. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. मग हेडक्लार्कच्या आवाजात म्हणाले, "'येऊ शकतो' नको. खोडा ते. 'येणे बाकी आहे' असं करा."

मी खोडून तसं केलं. मग त्यांनी सही केली.