भिजण्याचे कारण

सोनकांबळे काका भिजलेला बूट हातात घेतात, आधी तोलतात, मग उलटा करतात, तळाचा चिखल अंगठ्यानं चोळतात आणि तुम्ही सकाळी कुठं जाऊन आलात ते सांगतात. नवीन माणूस चक्रावतो. काकांना त्याचं काहीच वाटत नाही. "यात काय हाय मॅडम? माती सांगती. मी नुसतं ऐकतो."

लातूरला आमच्या कॉलनीत, मागच्या ओळीतलं शेवटचं घर त्यांचं. एकतीस वर्षं ते सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत परिचर होते. शेतकरी कापडी पिशवीतून माती घेऊन यायचे. ती कागदावर पसरायची, सावलीत वाळवायची, चिठ्ठी लावायची आणि पुढं साहेबांकडे द्यायची, एवढंच त्यांचं काम. पण हे 'एवढंच' आपण म्हणायचं, त्यांच्यासमोर नाही. "वाळवण चुकलं की पुढचं समदं चुकलं," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते आणि मी हातात फुगलेला बूट धरून ऐकत होते.

त्या बुटाची गोष्ट सांगायलाच हवी. डॉक्टरांनी माझी साखर मोजली आणि त्याच आठवड्यात नवऱ्यानं माझ्यासाठी सायकल आणली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अंगात पळापळ आहे, पण ती वर्गाच्या चार भिंतींत. तरी चिकाटीनं शिकले. कॉलनीतल्या पाचजणांचा आमचा गट झाला. मग हौस वाढली आणि तळाला खटकी असलेले, पॅडलमध्ये टक्कन अडकणारे ते महागाचे बूट आले. गणपतीच्या दिवसांत रेणापूरच्या रस्त्याला आम्हाला पावसानं असं गाठलं, की घरी येऊन बूट उलटे केले तर फरशीवर ओहोळ. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा निघायचं होतं. मी अक्कल चालवली. गॅसवर तवा ठेवला, मंद आच केली आणि तव्यावर बूट ठेवले.

दहा मिनिटांत उजव्या बुटाचा तळ भाकरीसारखा टम्म फुगला. वास तर असा सुटला की शेजारीण विचारायला आली. तिनंच मला सोनकांबळे काकांकडे पिटाळलं. काकांनी बूट पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बूट पाहिला. "मॅडम, पिठलं बी केलं का संगं?" इतका अपमान माझा शाळेच्या तपासणीतही झाला नव्हता. पण त्यांनी तो बूट घेतला, तळ चिकटवून आणला, त्यावर वीट ठेवून दोन दिवस दाबला आणि मला परत दिला. आजही तोच घालते.

तेव्हापासून आमच्या गटाचे सगळे ओले बूट काकांच्या ओसरीत जातात. त्यांची पद्धत ठरलेली. चिखल आधी पुसून घ्यायचा. आतला पातळ तळवा बाहेर काढून वेगळा टांगायचा. नाडी, पट्टा सगळं सैल करून जीभ पूर्ण उघडायची, "बुटाला बी श्वास घेऊ द्या". मग आत वर्तमानपत्राचे बोळे. पहिल्या तासात ते तीनदा बदलायचे, कारण पहिल्या तासातच बूट निम्मं पाणी सोडतो. त्यानंतर बूट टेबलफॅनपुढं, तोंड वाऱ्याकडं. उन्हात ठेवायचं नाव काढायचं नाही. शेगडी, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, यांतलं काही तुमच्या तोंडून निघालं तर काका डोळे मिटून घेतात. "सावली, वारा आन सबर. तिसरं लई महत्त्वाचं."

वर्तमानपत्राचीही त्यांची परीक्षा झालेली आहे. रंगीत पान पाणी पीत नाही. सिनेमाचं पान तर अजिबात नाही. सगळ्यांत चांगलं शोषतं ते अग्रलेखाचं पान. "फोटो न्हाई, रंग न्हाई, नुसती अक्षरं. गटागटा पितंय बघा." आमच्या गटातले पाटील सर गणित शिकवतात आणि वर्तमानपत्रांना अधूनमधून पत्रं लिहितात. त्यांचं एक छापून आलेलं पत्र काकांनी त्यांच्याच बुटात कोंबलं होतं. सर चार दिवस बोलले नाहीत. काकांच्या मते पत्राचा उपयोग झाला होता.

आणि मग वजन. प्रयोगशाळेतून निवृत्त होताना भंगारात निघालेला एक जुना तराजू काकांनी रीतसर अर्ज करून घेतला. बूट ओला असताना तोलायचा, मग तासातासानं. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की बूट वाळला. हात लावून बघणाऱ्यांची त्यांना कीव येते. "हात खोटं बोलतो. वजन बोलत न्हाई."

याहून मोठं दैवत म्हणजे चिठ्ठी. प्रत्येक जोडाला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असते, अगदी मातीच्या पिशवीला असायची तशी. नाव. कुठून आला. भिजण्याचे कारण. कारणापुढं 'पाऊस', 'ओढा', 'धुतला', जे खरं असेल ते. मी एकदा थट्टेनं म्हटलं, "काका, बुटाला कशाला हवं कारण?" तर त्यांनी मला त्यांची एक जुनी हकीकत ऐकवली. एका शेतकऱ्याच्या पिशवीवरची चिठ्ठी गळून हरवली होती. कुणीतरी म्हणालं, द्या कुठलं तरी नाव टाकून, कोण बघतंय. काकांनी नोंदवहीत कुणाची माती कमी पडते ते हुडकलं, रजा टाकली, एसटीनं त्या गावाला गेले, त्या माणसाच्या रानातून पुन्हा माती काढून आणली आणि पहिल्यापासून वाळवली. "माझ्या हातानं आजवर एक चिठ्ठी खोटी लिहिली न्हाई," हे सांगताना ते ताठ बसले होते. मलाही उगाच ताठ बसावंसं वाटलं.

या खरेपणाचा फटका पाटील सरांना बसला. एका रविवारी ते आमच्याबरोबर न येता एकटेच गेले आणि उदगीरपर्यंत जाऊन आल्याचं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. बूट भिजलेले होते, म्हणून काकांकडे आले. काकांनी तळ चोळला. "सर, उदगीरकडं माती लाल हाय. ही काळी. आन ह्ये बघा." तळाच्या खटकीत कोथिंबिरीचं पान अडकलं होतं. "औसा रोडला धाब्याच्या मागं कोथिंबिरीचा वाफा हाय. तिथं पाणी सोडलेलं असतं. पाय बुडला का?" सरांनी मान्य केलं, की पाय बुडला आणि त्याआधी दोन प्लेट भजीही झाली. चिठ्ठीवर काकांनी 'कुठून आला' पुढं 'धाबा' लिहिलं. सायकलवर बसल्याबसल्या आम्ही अजून हसतो.

मी हे लोकांना फार अभिमानानं सांगते. नांदेडच्या सायकलवाल्यांची आणि आमची एकदा माहूरच्या वाटेवर भेट झाली, तेव्हा त्यांच्याकडची भारीतली सायकल बघून मी म्हणाले, "असेल. पण तुमच्याकडं सोनकांबळे काका आहेत का?" त्यांना कळेना. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांच्यातला एकजण पुढच्या पावसात खरोखर ओले बूट पिशवीत घालून लातूरला घेऊन आला. काकांनी त्याला बसवून चहा दिला आणि बुटाच्या मातीवरून तो बिलोलीच्या बाजूचा असल्याचं सांगितलं. तो खरंच तिकडचा निघाला.

काकांची एकच अडचण. बिनकामाचं कुणी आलेलं त्यांना चालत नाही. काकू जाऊन चार वर्षं झाली. मुलगी सुजाता नांदेडला नर्स आहे. घरात एकटेच. मी एकदा सहज डोकावले तर दारातच विचारलं, "काय आणलं?" काही नाही, नुसती बसायला आले, म्हटल्यावर ते इतके गोंधळले, की हातातलं फडकं कुठं ठेवावं ते त्यांना सुचेना. "प्रयोगशाळेत माझ्या खोलीत कुणी बसायला येत नव्हतं मॅडम. पिशवी ठेवून जायचे. बिनकामाचं बसलं की काय बोलायचं मला म्हाईत न्हाई." दोन मिनिटांत मी उठले.

काम असलं की मात्र बोलणं संपत नाही. बूट दुपारी द्या, नाहीतर सकाळी अकराला द्या, काका म्हणणार, "उद्या सकाळी या." सकाळी सगळे एकदम जातो. ओसरीत जोड ओळीनं मांडलेले असतात, चहा उकळत असतो आणि एकेक चिठ्ठी वाचत काका प्रत्येकाच्या बुटाचं चारित्र्य सांगतात. तास जातो.

एकदा माझा चष्मा त्यांच्या ओसरीत राहिला म्हणून मी त्याच संध्याकाळी सातला परत गेले. बूट सकाळी दिलेले. ते कोरडे ठणठणीत, चिठ्ठ्यांसह ओळीत उभे होते. वजनं लिहून झाली होती. शेवटची दोन सारखी, दुपारी तीनची आणि चारची. म्हणजे चार वाजताच काम आटोपलं होतं. काका त्या ओळीसमोर खुर्चीत बसले होते. मला बघून एकदम उठले. "रातभर मुरू द्यावं लागतं," म्हणाले. वजन खोटं बोलत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. चष्मा घेतला आणि निघाले. पण घरी येताना मला फार वाईट वाटलं. लातूरमध्ये इतक्या लवकर बूट वाळवणारा दुसरा माणूस नाही आणि तो आमच्यासाठी मुद्दाम उशीर करत होता.

दिवाळीनंतर पाऊस संपला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. कुणाचा बूट भिजेना. मी दोनदा गेले, "काय आणलं?" झालं आणि परतले. मार्च संपता संपता सुजाताचा फोन आला. "मॅडम, पप्पा जेवत नाहीत नीट. फोनवर हाव, न्हाई, बस. इतकी वर्षं या म्हणत होते तर येत नव्हते, आता म्हणतात येतो नांदेडला, इथं माझं काम काय हाय. मला आनंद व्हायला पाहिजे ना? पण आवाज ऐकून भीती वाटून राहिली. इथं तिसऱ्या मजल्यावर आणून काय करतील ते?" मी संध्याकाळी त्यांच्या घरावरून चालत गेले. खिडकीतून पाहिलं. तराजू वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून माळ्यावर टाकला होता. ट्रंक खाली काढली होती.

त्या रविवारी मी गटाला सगळं सांगितलं. पाटील सर म्हणाले, "बूट भिजवू." मी म्हटलं, एप्रिल लागलाय, लातूर आहे, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतंय, भांडी आपण दोनदा विचार करून घासतोय. "मग?" सर म्हणाले. हा माणूस मला तेव्हा एकदम आवडला.

सायकल चालवून आल्यावर ज्यानं त्यानं आपापल्या घरी पाणी शोधलं. सरांनी कूलरच्या तळचं काढलं. एकानं कपडे विसळलेलं वापरलं. मी मेथी धुतलेलं पाणी टोपात धरलं होतं, ते झाडांना न घालता बुटांत ओतलं. नवरा बघत होता. तो फक्त म्हणाला, "तवा नको हं."

अकरा वाजता आम्ही पाचजण काकांच्या दारात. वर ऊन असं की उंबऱ्यावर पाय ठेववत नव्हता.

"काय आणलं?"

"बूट काका. पाऊस लागला."

काकांनी आकाशाकडे पाहिलं. मग आमच्याकडे, एकेकाकडे. "कुठं?"

"रेणापूरच्या पुढं," मी म्हटलं. माझा आवाज वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरासारखा आला.

"कपडे कोरडे हायत."

काकांनी माझा बूट घेतला, तोलला, उलटा केला. तळावर माती नव्हतीच. खटकीत मेथीचं एक हिरवंगार पान होतं. ते त्यांनी चिमटीत धरून काढलं, बराच वेळ पाहिलं. पाटील सरांनी मान खाली घातली. कोथिंबीर त्यांना आठवली असणार. काकांनी सरांचा बूट हुंगला, कूलरच्या वाळ्याचा वास त्यांना आला नसेल असं होणंच शक्य नव्हतं. मग मेथीचं पान त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं.

"वळवाचा असंल," ते म्हणाले. "लई नेमका असतो तो. बुटावरच पडतो."

स्टूल घेऊन ते माळ्याकडे गेले. सरांनी तराजू खाली घ्यायला हात दिला. सुतळी सोडली, वर्तमानपत्र उलगडलं आणि तेच पान फाडून काकांनी पहिला बोळा केला. मग चष्मा लावून चिठ्ठी लिहायला बसले. नाव लिहिलं. कुठून आला, रेणापूर. 'भिजण्याचे कारण' पाशी पेन थांबलं. एकतीस वर्षांची नोकरी आणि पुढची सगळी वर्षं त्या पेनाच्या टोकाशी होती. मला वाटलं, आता हे चिठ्ठी फाडणार आणि आम्हाला हाकलणार.

त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं : पाऊस.

"उद्या सकाळी या," मान वर न करता ते म्हणाले. "समदे या. चहा ठिवतो."