आकाशाला गिऱ्हाईक नाही

ओहायोतल्या फेअर क्रीक गावात ट्रूडी होल्टकँप शाळेची बस चालवत असे. रोज सकाळी बेचाळीस मुलं तिच्या ताब्यात दिली जात, आणि बर्फ असो की धुकं, ती त्यांना शाळेत पोचवून दुपारी जशीच्या तशी घरोघरी परत करत असे. या बेचाळीस मुलांबद्दल चौदा वर्षांत तिला कोणी अवाक्षर विचारलं नाही. त्रेचाळिसावं मात्र तिला स्वतःच्या घरी हवं होतं. ते पोटी येत नाही हे नऊ वर्षांनी नक्की झालं आणि तिनं दत्तक घ्यायचं ठरवलं, तेव्हा ही बाई मुलांच्या जवळपास असावी की नसावी याची रीतसर चौकशी करणं भाग पडलं.

चौकशी करणारी संस्था ना-नफा तत्त्वावर चालत होती. ही गोष्ट तिच्या माहितीपत्रकात पाच ठिकाणी छापलेली होती आणि सहाव्या पानावर दरपत्रक होतं. अर्जाची फी, अर्ज वाचण्याची फी, घराच्या तपासणीची फी, वकील, बाळाशी जुळवणी, आणि जुळवणी फिसकटली तर फेरजुळवणी. तळाशी बेरीज होती: बेचाळीस हजार डॉलर.

"ही मुलाची किंमत नाही हं," संस्थेच्या मिस प्रूइट म्हणाल्या. त्या हे रोज म्हणत असाव्यात, कारण म्हणताना त्यांनी मान वर केली नाही. "मूल विनामूल्यच असतं. हा फक्त त्याच्यापर्यंत पोचायचा खर्च."

"बरंच लांब राहतं की मग," ट्रूडीचा नवरा व्हर्न म्हणाला.

मिस प्रूइटनी वहीत काहीतरी लिहिलं. त्या दिवसापासून व्हर्ननं विनोद करणं बंद केलं. तो लोकांच्या तळघरातल्या, घर ऊबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा, तिथं एकटाच असायचा, आणि मनात आलेला विनोद तो आता भट्टीला सांगू लागला.

मग घराची तपासणी झाली. मिस प्रूइटनी टेपनं मधली खोली मोजली, नळाच्या पाण्यात थर्मामीटर बुडवलं आणि कुत्र्याचं लसीकरण कार्ड मागितलं. नवराबायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून संसार कसा चाललाय तेही विचारलं.

"नवऱ्याचा राग आला की काय करता?"

"बस धुते."

"आणि फारच आला तर?"

"आतून पण धुते."

मिस प्रूइटनी 'रागाचा निचरा समाधानकारक' असं लिहिलं. घर पास झालं. अहवाल एक वर्ष चालणार होता. त्यानंतर घर तेच, माणसं तीच आणि कुत्रंही तेच असलं तरी ते सगळं पुन्हा तपासून घ्यावं लागणार होतं.

साठवलेले चौदा हजार होते. व्हर्ननं मासेमारीची होडी विकली, तिचे आठ आले. उरलेल्या वीस हजारांसाठी ट्रूडीनं तेच केलं जे तिकडे अशा वेळी सगळे करतात: हजार तुकड्यांचं एक जिगसॉ आणलं. एक तुकडा वीस डॉलरला. जो घेईल त्याचं नाव त्या तुकड्याच्या पाठीवर लिहायचं. सगळे विकले गेले की चित्र जोडून, चिकटवून बाळाच्या खोलीत टांगायचं, म्हणजे आपल्यासाठी किती जणांनी हात लावला हे बाळाला जन्मभर दिसतं. कल्पना गोड होती. दुकानात सवलतीत एकच जिगसॉ उरलं होतं, बव्हेरियातल्या एका किल्ल्याचं. ट्रूडीनं ते अकरा डॉलरला घेतलं आणि गावभर हिंडू लागली.

पहिला प्रश्न सगळीकडे एकच असायचा.

"एकूण पडतं किती गं?"

"बेचाळीस हजार."

"बापरे. तेवढ्यात माझं धान्याचं कोठार झालं, छपरासकट."

मग समोरचा माणूस पाकिटात हात घालायचा. फेअर क्रीकची माणसं मनानं चांगली होती, ते कबूल केलं पाहिजे. पण वीस डॉलर द्यायचे तर त्यात काहीतरी दिसायला हवं होतं. कोणी दरवाजा घेतला, कोणी खिडक्या घेतल्या. पाद्रीबाईंनी अख्खा बुरूज घेतला. फुटबॉलच्या प्रशिक्षकानं पूल घेतला, कारण तो भक्कम वाटत होता. पण किल्ल्यामागचं आकाश कोणी घेईना. चारशे अठरा तुकडे, सगळे निळे आणि सगळे सारखे.

"यात माझं काय आहे ते मला कसं कळणार?" लोक विचारत.

"पाठीवर नाव असेल ना."

"पण पाठ भिंतीला चिकटणार."

ट्रूडी पुढच्या दाराकडे वळायची. चौऱ्याऐंशी वर्षांच्या ओपल आजींनी तेवढा एक निळा तुकडा मागून घेतला. "मला आकाशातलाच दे बाई," त्या म्हणाल्या. "किल्ल्यात राहायला जायचं माझं वय नाही, आणि वर तर जायचंच आहे." त्यानंतर चारशे सतरा उरले आणि ते तसेच राहिले.

आकाश विकलं जाईना आणि वर्ष संपलं. घराचा अहवाल बाद झाला. नव्या अहवालाचे बाराशे डॉलर होते, आणि किल्ल्यात तर तुकडे हजारच. तेव्हा ट्रूडीनं शाळेच्या संघांना सामन्यांना नेण्या-आणण्याचं जादा काम घेतलं आणि व्हर्न शनिवार-रविवारीही भट्ट्या उघडू लागला. पैसे जमले. मिस प्रूइट पुन्हा तपासणीला आल्या, तेव्हा दाराला कुलूप होतं. तिसऱ्या खेपेला दोघं सापडले.

"तुम्ही घरी फार कमी असता," मिस प्रूइट म्हणाल्या. "मुलासाठी वेळ कुठून काढणार?"

"तुमची फी भरून झाली की वेळच वेळ आहे, मॅडम," ट्रूडी म्हणाली.

'वेळेबाबत आशावादी', असं नोंदवून घर पुन्हा पास झालं.

तेवढ्यात आकाशाला गिऱ्हाईक आलं. लाइल स्टॅम्पर विम्याचा धंदा करायचा. त्यानं उरलेले चारशे सतरा तुकडे एकरकमी घेतले, धनादेश देतानाचा फोटो काढून घेतला आणि पावती मागितली. ट्रूडी घरी येऊन स्वयंपाकघरात खाली बसली आणि रडली. आता फक्त बाळ यायचं राहिलं होतं, असं तिला वाटलं.

पण लाइलनं हिशेब केला, की हजारात चारशे सतरा म्हणजे सर्वांत मोठा वाटा आपला. त्यानं पुढच्या शनिवारी चर्चच्या तळघरात देणगीदारांची सभा बोलावली. पॅनकेक होते. ठरावही होते. बाळाचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये व्हावा यावर पाद्रीबाई तासभर बोलल्या. प्रशिक्षकाला मुलगाच हवा होता, आणि शक्यतो रुंद खांद्यांचा. बाळाचा विमा कोणाकडून उतरवावा, हा ठराव लाइलनं स्वतः मांडून स्वतः मंजूर केला.

"एका तुकड्याला एक मत," तो म्हणाला. "आपण लोकशाहीत राहतो."

"आम्हाला किती मतं?" व्हर्ननं विचारलं.

लाइलनं यादी पाहिली. "तुमच्या नावावर तुकडाच नाही रे व्हर्न. घ्यायचास की एखादा. आता संपले."

"माझं मत ट्रूडीला घाला," ओपल आजी मागून म्हणाल्या. अशा रीतीनं आपल्या बाळाबाबत ट्रूडीला हजारात एक मत मिळालं. कागदावर तशी नोंद आहे.

मार्चमध्ये संस्थेचा फोन आला. बेकरीत काम करणाऱ्या रेना नावाच्या वीस वर्षांच्या पोरीनं आपल्या बाळासाठी संस्थेतले पन्नास इच्छुक कुटुंबांचे अल्बम चाळून होल्टकँप निवडले होते. कारण विचारलं तर म्हणाली, फोटोंत बाकी सगळे समुद्रावर उभे आहेत, ही बाई बसच्या पायरीवर बसून कोणाच्या तरी बुटाची नाडी बांधतेय. बाळ पुढच्या गुरुवारी मिळणार होतं. मुलगी होती.

शुक्रवारी मिस प्रूइट शेवटची नजर टाकायला आल्या. खोली तयार होती, पाळणा लागला होता आणि भिंतीवर किल्ला होता.

"हे काय?"

ट्रूडीनं सांगितलं.

"तीन वर्षांखालचं मूल असलेल्या घरात गिळता येतील असे सुटे तुकडे ठेवता येत नाहीत. इथं हजार आहेत."

"चिकटवलेत ते, मॅडम."

मिस प्रूइटनी लिहिलं: 'सुटे तुकडे, चिकटवलेले, एक हजार.' मग वही मिटून म्हणाल्या, "बुधवारपर्यंत घराबाहेर काढा. नाहीतर ताबा पुढं ढकलावा लागेल, आणि मग ती मुलगी यादीतल्या पुढच्या कुटुंबाकडे जाईल. माझा नाइलाज आहे."

ट्रूडीनं लाइलला फोन केला. "खोलीतून काढलंत तर तो करारभंग होतो," लाइल शांतपणे म्हणाला. "तुकडे विकताना वाटलेल्या तुमच्याच पत्रकात लिहिलंय, बाळाच्या खोलीत टांगणार म्हणून. मग आकाशाचे आठ हजार तीनशे चाळीस परत करावे लागतील. माझाही नाइलाज आहे."

ज्यांचा नाइलाज होतो त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे ट्रूडीला बसमध्ये कळलं होतं. एका जागेवरून दोन पोरं भांडली की ती जागा कोणाची हे ती कधी ठरवत नसे. ज्याचं दप्तर त्याच्या मांडीवर देऊन ती गाडी सुरू करायची.

शनिवारी व्हर्ननं पत्रा कापायची कात्री काढली आणि दोघांनी मिळून किल्ला सोडवला. रविवारी प्रार्थना सुटताना ट्रूडीची पिवळी बस चर्चच्या अंगणात उभी होती. तिनं दार उघडलं आणि चालकाच्या जागेवरून एकेकाचं नाव घेऊन ज्याचा त्याला तुकडा परत दिला. "हा घ्या तुमचा वाटा, पोचला. बाळ तेवढं माझं." पाद्रीबाईंनी बुरूज पदरात घ्यावा तसा पर्समध्ये घेतला. लाइलला पिशवीभर आकाश मिळालं. तो रागानं लाल झाला होता, पण ट्रूडीनं त्याच्यापुढं पावती धरली: 'आकाश, चारशे सतरा नग, सुस्थितीत परत.' पावती घडी करून खिशात गेल्यावर त्याची तक्रार उरली नाही. ओपल आजींनी आपला तुकडा घेतला नाही. "माझं मत दिलंय मी तुला," त्या म्हणाल्या. "दिलेलं परत घेत नसतात."

गुरुवारी दवाखान्यात रेना कोट घालून पलंगाच्या कडेला बसली होती. दरपत्रकात तिचीही एक ओळ होती, 'जन्मदात्री: बसभाडं व किरकोळ'. मिस प्रूइट शेवटच्या सह्या घेत होत्या. रेनानं बाळ ट्रूडीच्या हातात दिलं, पण हात लगेच काढला नाही.

"हिला हाक काय मारणार तुम्ही?"

दोन वर्षांत ट्रूडीनं पाण्याचं तापमान, कुत्र्याच्या लसी, नवऱ्याचा राग, सगळ्याची उत्तरं दिली होती. हा प्रश्न पहिल्यांदाच आला. मग तिनं वाकून रेनाच्या कानात सांगितलं. रेनानं ते नाव बाळाला दोनदा म्हणून दाखवलं आणि मगच हात सोडला.

संध्याकाळी अख्खं फेअर क्रीक झाकलेली भांडी घेऊन होल्टकँपांच्या दारात आलं. सगळ्यांनी बाळाकडे प्रेमानं पाहिलं, गालाला बोट लावलं, आणि हलक्या आवाजात विचारलं, "शेवटी पडलं किती?"

त्या मुलीचं नाव या गोष्टीत कुठं आलेलं नाही. वाचताना आपण मध्येच थांबून विचारलं असतं तर लगेच सांगितलं असतं. बेचाळीस हजार मात्र आपल्याला पाठ झाले असतील. त्यात नव्या अहवालाचे बाराशे धरायला विसरू नका.