बाह्या शेकताहेत!

शब्द न् शब्द खरा आहे हो, खोटं बोलत असले तर माझी कवळी चारचौघांत निसटून पडो! टेलरमास्तरांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. सगळं आयुष्य शिलाई मशीनवर पाय मारण्यात गेलेलं. आता स्टुलावरून उठायचं म्हणजे आधी टेबल धरायचं, मग भिंत, मग देवाचं नाव. डॉक्टर म्हणाले, सांध्यांची झीज झालीय. मुलगी म्हणाली, दुकान बंद.

"बाबा, बास झालं आता. रविवारी कुलूप लावायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं."

"तुझ्याकडे येऊन काय करू? फुलदाणीशेजारी बसू?"

"मग हात न टेकता उठून दाखवा. चालवा मशीन खुशाल!"

झालं! मास्तर इरेला पेटले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं सगळं सुरू केलं. बसल्या बसल्या पाय सरळ करायचा, धरून ठेवायचा, सावकाश खाली आणायचा. काजं करताना उजवा, बटणं लावताना डावा. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मास्तर लाथ घालताहेत. ते दचकून मागे सरकलं की मास्तर म्हणायचे, "घाबरू नका, मांडी मजबूत करतोय."

बाई म्हणाल्या होत्या, शेक घ्या हवा तर, पण व्यायाम सोडू नका. शेकाला मास्तरांनी स्वतःची अक्कल जोडली. हळद, आलं, तिळाचं तेल, असा कोमट लेप! रविवारी विजार वर सारून दोन्ही गुडघे थापले आणि बांधायला चिंधी हवी म्हणून डाव्या टोपलीत हात घातला. डावीकडे चिंध्या, उजवीकडे कापलेलं काम, ही वर्षानुवर्षांची सवय. पण पाय लांब करायला जागा हवी म्हणून त्यांनी स्वतःच टोपल्यांची अदलाबदल केली होती, ते साफ विसरले. मऊ कापड हाताला लागलं. गुडघ्यावर कसं अगदी मापात बसलं! तिथंच शंका यायला हवी होती.

तेवढ्यात बँडवाला हजर. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे काठी फिरवत चालतो तो.

"मास्तर, कोट द्या! दुपारी मिरवणूक आहे."

मास्तरांनी बसूनच कोट पुढे केला. बँडवाल्याने चढवला. खांद्यांशी नुसती भोकं.

"बाह्या कुठायत?"

मास्तरांनी मशीनखाली पाहिलं. सोनेरी पट्टीच्या पांढऱ्याशुभ्र बाह्या गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि सावकाश पिवळ्या होत होत्या.

"बाह्या... शेकताहेत," मास्तर बोलून गेले.

"म्हणजे इस्त्री चाललीय?"

"तसंच काहीतरी."

"मग थांबतो की," म्हणून तो समोरच बसला. आणि दारात मुलगी! हातात नवंकोरं कुलूप.

"हं बाबा, उठा."

आता आली का पंचाईत! उठावं तर गिऱ्हाईक जातं, बसावं तर दुकान जातं. मास्तरांनी कुलपाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येईल. पाय मागे घेतले, नाक पुढे काढलं, मांड्या आवळल्या, आणि दोन्ही हात वर करून ताठ उभे राहिले!

मुलीच्या हातून कुलूप पडलं. बँडवाला वाकून वाकून बघायला लागला. खाली पिवळ्याधमक बाह्या, त्यावर सोनेरी पट्टी.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "याने उतार पडतो?"

"का बरं?"

"चालून चालून माझ्याही गुडघ्यांचा भुगा झालाय हो. लेप उरलाय का थोडा?"

मुलगी कडाडली, "अहो, लेपाने नाही, व्यायामाने उठलेत ते!"

"व्यायामही करतो ताई. आधी त्या बाह्या सोडा."

दुपारी बँडवाला बिनबाह्यांच्या कोटात, बाह्या गुडघ्यांना बांधून, काठी फिरवत निघाला. संध्याकाळी अख्खा बँड दुकानासमोर, आम्हालाही तस्सलंच शिवून द्या!

"देतो," मास्तर म्हणाले. "पण हात न टेकता स्टुलावरून उठेल त्यालाच."

आता तुम्ही रोखून बघताय म्हणून कबूल करते, एवढी एकच गोष्ट पदरची घातली. मास्तरांनी दोन्ही हात वर केले नव्हते. उजवी करंगळी मशीनला टेकलेली होती. बँडवाल्याचं लक्ष बाह्यांकडे, त्याला दिसली नाही. मुलीला विचारलं तर म्हणते, "मला कसं दिसणार? मी खाली वाकून कुलूप उचलत होते."

कुलूप तर नंतर पडलं होतं.